गिरिजाबाईंचा लाल रंग

पुण्याहून बीडला विश्रांतीसाठी कुणी जातं का, असं परतल्यापासून मला सगळेच विचारतात. जातं. मी गेलो. तीन दिवसांचा बेत होता, त्याचा पंधरवडा झाला. कापड रंगवायला शिकवणाऱ्या एका वर्गाला गेलो होतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मनाला आणि हातांना जे हवं असतं ते तिथे भरपूर मिळतं, हे मी पैजेवर सांगतो. ज्यांना जावंसं वाटेल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

दुसरंही एक कारण आहे. चाळीस वर्षांपूर्वी मी एका छापील पुस्तिकेत एका बाईंबद्दल खोटं वाक्य लिहिलं होतं. त्या पुस्तिकेच्या छायाप्रती अजून फिरतात, म्हणून दुरुस्तीही छापूनच यायला हवी. ती पुढे, जिथे घडली त्या जागी येईल.

जायचं निमित्त होतं माझे हात. निवृत्तीनंतर त्यांना काम उरलं नाही, तेव्हापासून ते वर्तमानपत्राच्या कडा फाडतात, शर्टाची बटणं पिरगाळतात, आणि पहाटे तीनला झोप मोडली की उशीच्या अभ्र्याशी चाळा करत बसतात. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आणि काहीतरी हाताचं काम करा म्हणून सांगितलं. आमच्या सूनबाई मधुरानं शोधाशोध करून बीडजवळच्या पालीतला हा वर्ग काढला आणि मला न विचारता नाव घातलं. तुम्ही तर रंगाच्याच खात्यात होतात, असं तिचं म्हणणं. होतो खरा. रंगाई आणि छपाई शिकवणारं एक प्रशिक्षण केंद्र माझ्या ताब्यात होतं. पण रंगाच्या भांड्यात मी कधी बोटही घातलं नव्हतं. मी देखरेख करायचो आणि लिहायचो.

बीडचं नाव ऐकून मी आधी नको म्हणालो. मधुराला वाटलं, मला प्रवास झेपणार नाही.

पहिला दिवस : ज्वारीचे दाणे

बीड गावाच्या अलीकडे बिंदुसरेचं धरण लागतं, त्याच्या शेजारी पाली. जानेवारी होता. डोंगर वाळलेल्या गवतानं पिवळट झालेले, खाली रानात ज्वारी कणसात आलेली, आणि मधे धरणाचं पाणी इतकं निश्चल, की एक बगळा उडाला तेव्हाच ते पाणी आहे हे पटलं. या जिल्ह्याची कोरडा म्हणून जी ख्याती आहे ती ऐकून येणाऱ्यानं पहिला अर्धा तास इथेच काढावा.

वर्ग भरतो शोभाताईंच्या शेतात. दोन खोल्या, पत्र्याची लांब शेड, तीन चुली, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला एक रांजण, आणि दोन कडुलिंबांच्या मधे बांधलेल्या दोऱ्यांवर ओळीनं वाळत घातलेलं कापड. शोभाताई पन्नाशीच्या. त्यांच्या नखांच्या मुळाशी निळी रेघ आहे, ती आता कायमचीच. यजमान एसटीत वाहक, त्यामुळे घरी कमी आणि गाडीवर जास्त. आल्या आल्या शोभाताईंनी आम्हा सहा जणांची घड्याळं काढून एका डब्यात ठेवली. मी मनात म्हटलं, आता वेळेचं भान सोडा वगैरे ऐकावं लागणार. तसं काही झालं नाही. मागच्या खेपेला एका बाईचं घड्याळ निळीत पडलं होतं, एवढंच कारण.

सहा जणांत पुरुष मी एकटा. माझ्या शेजारी बसली ती सुवर्णा, अंबाजोगाईकडच्या एका दवाखान्यातली परिचारिका, वय पस्तीसच्या आसपास, तोंडाची फटकळ. माझे हात पाहून तिनं विचारलं की काका, कंप आहे का चाळा. चाळा म्हटल्यावर तिनं माझं मनगट धरून नाडी मोजली आणि कापडाच्या चिंधीवर पेन्सिलीनं आकडा लिहून ठेवला. संध्याकाळी पुन्हा बघू म्हणाली.

पहिलं काम बांधणीचं. मलमलच्या कापडाखाली ज्वारीचा एक दाणा धरायचा, वरून चिमटीत पकडायचा आणि दोऱ्याचे चार वेढे देऊन गाठ मारायची. असे दोनशे दाणे. बांधलेल्या जागी रंग शिरत नाही, तिथे पुढे पांढरा ठिपका राहतो. पहिले दहा दाणे माझ्या बोटांतून निसटून शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडले आणि ते टिपायला एक कोंबडी येऊन उभी राहिली. शोभाताई म्हणाल्या, "काका, कोंबडीची शिकवणी झाली, आता तुमची होऊ द्या."

मन शांत करा असं कुणी सांगितलं की माझं मन उलट उधळतं. योगवर्गाला, भजनाला, बागेतल्या हास्यमंडळाला, सगळीकडे जाऊन पाहिलं आहे. इथे मनाचं कुणी नावच काढत नाही. दाणा निसटू नये एवढंच बघायचं. चाळीसाव्या दाण्याच्या सुमाराला बोटांना ताल सापडला, शंभराव्याला मी हातांकडे बघायचं सोडलं, आणि जेवायला हाक आली तेव्हा सूर्य कुठल्या कुठे गेला होता. माझ्या हातांना चाळाच हवा होता, तो इथे कामाला लागला.

जेवायला येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, वांगं, आणि त्याआधी रानातच गोवऱ्यांच्या आरात भाजलेला हुरडा. आमच्याकडे पाहुण्याला विचारून वाढतात. इथे पाहुणा पुरे म्हणाला की वाढायला सुरुवात होते. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ. ते उकळत्या पाण्यात पडलं की जी आमटी होते ती पिऊन माझ्या नाकातून, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी मी तिसरी वाटी घेतली. सुवर्णानं नाडी पाहिली. आकडा बराच उतरला होता. ती म्हणाली, गोळी मात्र सोडू नका, नाहीतर माझ्या नावानं बोंब होईल. त्या रात्री मी झोपलो तो उजाडल्यावरच जागा झालो. असं किती वर्षांनी झालं ते आठवावं लागलं.

दुसरा दिवस : नीळ, आणि ते वाक्य

पुरलेल्या रांजणात नीळ असते. तिला हवा चालत नाही. कापड आत सोडताना बुडबुडा आला, पाणी हिंदकळलं की नीळ बिघडते आणि आठवडाभर सुधारत नाही. म्हणून हात इतके सावकाश चालवावे लागतात, की श्वासही आपोआप सावकाश होतो. मनगटापर्यंत कोमट पाणी. कापड आतल्या आत नुसतं उलगडायचं. वर काढलं की ते पोपटी दिसतं, आणि बघता बघता हवेत निळं होत जातं. ते होत असताना आम्ही सहाही जण बोलायचे थांबलो. बोलू नका असं कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुपारी गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून केलेला काळा रंग झाला, डाळिंबाच्या सालीचा पिवळा झाला. मग वर्गातल्या एका बाईंनी विचारलं, की लाल कधी.

लाल आमच्याकडं न्हाई, असं शोभाताई म्हणाल्या, आणि शेडमधल्या फळीवरून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक पुस्तिका घेऊन आल्या. छायाप्रतीची छायाप्रत, कडा काळ्या पडलेल्या. मी ती दुरून ओळखली. तिच्यावर लेखकाचं नाव नाही, फक्त केंद्राचं आहे. पण तिच्यातलं प्रत्येक वाक्य माझं आहे.

शोभाताईंनी सांगितलं ते असं. त्यांची आई गिरिजाबाई, वडवणीच्या रंगारी घरातली. बारतोंडीच्या मुळीपासून, तिला रंगारी आल म्हणतात, ती पक्का लाल रंग काढायची. पुऱ्या तालुक्यात दुसऱ्या कुणाला तो येत नव्हता. शोभाताई दहा-अकरा वर्षांच्या असताना केंद्राचे एक साहेब तो शिकून घ्यायला जीपमधून तीन दिवस आले होते. साहेब पूर्ण वेळ नाकाला रुमाल लावून बसायचे, लिहायला लागलं तेवढा खाली घ्यायचे. इथे त्यांनी पदराचा बोळा नाकाशी धरून साहेबांची नक्कल केली आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो. हे मुद्दाम लिहितो आहे.

मग त्यांनी शेवटच्या पानावरचं वाक्य वाचलं. "स्थानिक कारागीर मूळ कृती गुप्त ठेवत असल्याने या रंगाच्या पक्केपणाची खात्री देता येत नाही."

गिरिजाबाईंना केंद्रात महिन्यातून दोनदा शिकवायला बोलावत, ते या वाक्यानंतर बंद झालं. गावात बायका त्यांना तोंडावर लपवी म्हणू लागल्या. त्यांनी लाल रंग करणं सोडून दिलं. पुढे शोभाताई मोठ्या झाल्या, लग्न होऊन पालीला आल्या, आईकडून बाकी सगळे रंग शिकल्या. लाल सोडून.

"माजी माय लई गुणाची," शोभाताई पुस्तिका पिशवीत घालत म्हणाल्या. "पर हे एक तिनं मला बी सांगितलं न्हाई. पोटच्या पोरीला. घेऊन गेली संगं."

दरवर्षी हिवाळ्यात त्या मुळी आणून पुस्तिकेबरहुकूम लाल करून बघतात आणि दरवर्षी तो पहिल्या धुण्यात उतरतो. शेडच्या कोपऱ्यात मुळीचं अर्धं पोतं पडलेलं होतं.

आता सांगतो. गिरिजाबाईंनी काहीही लपवलं नव्हतं. तीन दिवस त्यांनी मला सगळं दाखवलं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं. कापडाला लाल पकडावा म्हणून आधी ते एरंडेल, पापडखार आणि शेळीच्या ताज्या लेंड्यांचं पाणी यांत सात दिवस मुरवावं लागतं. लेंड्यांशिवाय तो रंग होत नाही. पण सरकारी पुस्तिकेत शेळीच्या लेंड्या कशा छापायच्या, वरचे साहेब काय म्हणतील, असं मला वाटलं. मी त्या काढल्या, सात दिवस काढले, आणि त्या जागी सौम्य साबणाचं द्रावण असं लिहिलं. शिकून गेलेल्या मुलींचे रंग उतरायला लागले, तक्रारी आल्या, तेव्हा दुसऱ्या छपाईत मी ते वाक्य घातलं. वही माझ्या कपाटात होती. आजही आहे.

संध्याकाळी सुवर्णानं मनगट धरलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. आकडा पहिल्या दिवसापेक्षा चढला होता. नीळ बाधली का काय तुम्हाला, असं म्हणाली.

तिसरा दिवस : हौदावर

सांगायचं की नाही याचा विचार मी फार केला नाही. इतकी वर्षं केला तेवढा पुरेसा होता. इथे माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, निघून आलो असतो तर कधी कळलंही नसतं. पण त्या बाई आपल्या मेलेल्या आईला अप्पलपोटी समजत होत्या, आणि तो समज मी छापून दिला होता.

सकाळी विहिरीजवळच्या हौदावर आम्ही दोघं निळी चादर पिळत होतो. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, दोघांनी उलट्या दिशेनं पीळ द्यायचा. बाकीच्या बायका शेडमध्ये गाठी सोडत होत्या.

"शोभाताई, तो रुमालवाला साहेब मी," मी म्हणालो.

त्या पीळ देत राहिल्या, म्हणून मलाही देत राहावं लागलं. सगळं सांगितलं. साबण सांगितला, लेंड्या सांगितल्या, वही सांगितली. पाणी संपून चादरीतून थेंब पडायचे थांबले तरी आमचे हात चालूच होते.

"मंग मायनं सांगितलंतं तुमाला?"

"सगळं. तीन दिवस."

"मंग कावून लिवलं तसं?"

"माझी चूक निघू नये म्हणून."

"म्हणून मायची काढली."

"हो."

त्यांनी आपलं टोक सोडलं. चादर माझ्या हातात उलटी फिरत सुटली. त्या हौदाच्या काठावर धरणाकडे तोंड करून बसल्या. मग जे बोलल्या ते माझ्याशी नव्हतंच म्हटलं तरी चालेल.

"मी इचारलं की म्हणायची, एकदा सांगितलंय, परत न्हाई. मला वाटायचं, मला कवा सांगितलं? मीच इसरले का काय. एकदा लई भांडले त्याच्यावरून. पुऱ्या एका वर्साला माहेराला गेले न्हाई."

मी माफी मागितली. त्यासाठी शब्द जुळवून ठेवले होते, ते पुरते म्हणूनही झाले नाहीत.

"माफीबिफी ऱ्हाऊ द्या," त्या उठल्या. "मला लाल येत न्हाई. तुमाला येतंय."

मी कधी हातानं केला नाही, नुसता लिहून घेतला, असं मी म्हणालो.

"मंग आता करा."

दुपारी वर्ग संपला. पाचही जणी आपापलं रंगवलेलं कापड घेऊन गेल्या. सुवर्णाला मी सगळं सांगितलं. ती मला बरंच बोलली, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. जाताना मात्र तिनं नाडी पाहिली आणि चिंधी माझ्या खिशात कोंबली. आकडा उतरला होता.

मधुराला फोन करून मी कपाटातली वही काढायला सांगितली. तिनं अकरा पानांचे फोटो पाठवले. मी तेव्हा गिरिजाबाई बोलतील तसं, त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं होतं, नंतर शुद्ध करू म्हणून. शोभाताईंनी फोन डोळ्यांजवळ धरून वाचायला सुरुवात केली. "वाळल्या न्हाई घ्यायच्या, ताज्या घ्यायच्या. पाल्यावर चरलेल्या शेळीच्या. हातानं कुस्करायच्या, काठीनं न्हाई, काठीला कळत न्हाई." तिथे त्या थांबल्या.

"हे मायच बोलायलीय," त्या म्हणाल्या, आणि फोन घेऊन घरात गेल्या. मी बाहेर बसून राहिलो.

लेंड्या

डोंगराच्या उतारावर धोंडिबाचा वाडा आहे. वाडा म्हणजे काट्यांचं कुंपण घातलेली शेळ्या-मेंढ्यांची जागा. धोंडिबा साठीचा, डोक्याला तांबडं मुंडासं, आणि समोरच्याला जोखून बघण्याची नजर. मी बादली घेऊन गेलो तेव्हा त्यानं विचारलं की खत पाहिजे का. नाही, रंग करायचा आहे, असं मी म्हणालो.

"लेंडीचा रंग मला ठावं हाय साहेब," तो म्हणाला. "काळाच निघतो."

तरी त्यानं निवडायला मदत केली. कुठली शेळी बाभळीवर चरली आणि कुठलीनं दुसऱ्याच्या शेतातली मेथी खाल्ली, हे तो लेंडी बघून सांगत होता, आणि मेथीवाली बाजूला काढत होता. पुण्याहून माणसं लेंड्या वेचायला यायला लागली म्हणजे आपल्याला आता दर ठरवावा लागेल, असंही म्हणाला.

मी त्या पाण्यात घालून हातानं कुस्करल्या. चाळीस वर्षांपूर्वी ज्या वासाला मी रुमाल लावला तो खरं तर ओल्या पाल्याचा वास आहे. आमच्या सोसायटीतल्या कचऱ्याच्या खोलीपेक्षा कितीतरी बरा. रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी, त्यात एरंडेल आणि पापडखार घालून घोटलं की ताकासारखं पांढरं होतं. त्यात कापड बुडवून मळायचं, कणीक मळतात तसं, आणि उन्हात टाकायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सात दिवस.

विश्रांतीसाठी जाणाऱ्यांना मी सांगेन, तीन दिवसांच्या वर्गापेक्षा हे सात दिवस खरे. काम रोज तेच, दोन तासांचं. उरलेला दिवस ऊन काम करतं आणि आपण लिंबाखाली बसायचं. एरंडेलानं माझ्या बोटांची पेरं इतकी मऊ झाली, की पुण्यात जी मूठ सकाळी वळत नाही ती इथे वळायला लागली. मी पालीच्या रस्त्यानं धरणापर्यंत चालत जायचो. लोक विचारायचे, शोभाकडं आलाव का, लाल जमला का. त्यांना कसं कळलं होतं, हे विचारायची गरज नव्हती. धोंडिबाची मेंढरं गावभर फिरतात.

शोभाताई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. जेवायला मात्र पहिल्यासारखंच आग्रहानं वाढायच्या. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे मला नवीन होतं.

आम्ही दोन कापडं घेतली होती, एक त्यांचं आणि एक माझं. त्या सातांतल्या चौथ्या दिवशी माझं कापड चिकट आणि घाण दिसायला लागलं, म्हणून मी ते हौदावर नेऊन शिस्तीत धुऊन टाकलं. शोभाताईंनी फोनवरचं सातवं पान माझ्यापुढे धरलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "मधी धुवायचं न्हाई, कितीबी किळस आली तरी."

मी आल्यापासून अकराव्या दिवशी त्यांचं कापड धुतलं आणि दोन्ही कापडं हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत घातली. बाराव्या दिवशी सकाळी चुलीवर तांब्याचं भांडं चढलं, त्यात कुटलेली मुळी आणि दोन्ही कापडं. जाळ मंद. पाणी आधी पिवळं, मग विटकरी. दोन तासांनी शोभाताईंनी लाकडानं आपलं कापड उचललं, हौदावर नेलं, सोड्यानं धुतलं, आपटलं, पुन्हा धुतलं. हौदाचं पाणी स्वच्छ राहिलं. कापड वाळलेल्या मिरचीच्या रंगाचं होतं.

माझं कापड फिकट गुलाबी झालं आणि धुतलं तसं उतरत गेलं. मी ते चुलीत टाकायला निघालो तर त्यांनी हातातून घेतलं आणि दोरीवर आपल्या कापडाशेजारी वाळत घातलं.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "दोनी दावीन."

मग त्या लाल कापडासमोर उभ्या राहिल्या. आईचा याच्यापेक्षा जरा गडद असायचा, असं म्हणाल्या. जाळ कमी पडला असेल, पुढच्या खेपेला वाढवू. ओल्या कापडाचा कोपरा त्यांनी तोंडावर दाबून धरला. धोंडिबा बांधावरून चालला होता. त्यानं ओरडून विचारलं, की काळा निघाला का नाही.

"मायचा निघाला," शोभाताई म्हणाल्या.

शेवटचा दिवस

माझी गाडी दुपारची होती. सकाळी नवा वर्ग आला, सात बायका, लातूरच्या आणि संभाजीनगरच्या. घड्याळं डब्यात गेली. शोभाताईंनी या वेळी आरंभच लालानं केला. फळीवरून पुस्तिका काढली, शेवटचं पान उघडलं, ते वाक्य वाचलं, आणि पुस्तिका माझ्या हातात देऊन म्हणाल्या, सांगा.

मी उभा राहिलो. हे वाक्य मी लिहिलं आहे, असं सांगितलं. ते खोटं आहे. वडवणीच्या गिरिजाबाईंनी मला सगळी कृती दाखवली होती, लपवली ती मी. खिशातलं पेन काढून त्या सगळ्यांसमोर वाक्यावर काट मारली, खाली सही केली आणि तारीख घातली. आयुष्यात पुष्कळ सह्या केल्या, त्यातल्या फार थोड्या आठवतात. ही आठवेल.

एकीनं मला नीट न्याहाळून घेतलं. मग शोभाताईंनी सगळ्यांना वह्या काढायला सांगितल्या. लाल रंग, गिरिजाबाईची रीत, असं वर लिहा म्हणाल्या. मीही हातातल्या पुस्तिकेच्या पाठीमागे लिहायला लागलो.

"शेळीच्या ताज्या लेंड्या, एक बादली," त्यांनी सांगितलं.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंचं पेन थांबलं. रेशमी ओढणी, डोळ्यांवर चांगल्यापैकी चष्मा. त्यांनी शेजारणीकडे पाहिलं आणि विचारलं, हे पण वहीत लिहायचं का.

"हे पयलं लिवा," शोभाताई म्हणाल्या, आणि त्यांचं पेन चालू होईपर्यंत थांबून राहिल्या.